टेकडीवर नऊ वाव

१

दुपारचं जेवण आटोपलं की ऑल्डन प्राउटी पांढरा कोट अंगात घालायचा. औषधाचं दुकान विकून बरीच वर्षं झाली होती, पण कोटाची सवय सुटली नव्हती. आता तो कोट घालून दुकानात जाण्याऐवजी तो जिना चढून वरच्या खोलीत जाई. त्या खोलीत त्याचे नकाशे होते.

सगळे अमेरिकेचे, आणि तेही जुने. देशाला अजून नाव पडायचं होतं, किनाऱ्यावर चार इंग्रजी वसाहती होत्या आणि पलीकडे काय आहे हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं, त्या काळातले. कशात कॅलिफोर्निया चक्क बेट होतं, कशात नद्या भलतीकडून निघून भलतीकडे मिळत होत्या. ऐकीव माहितीवर काढलेले डोंगर, अंदाजानं घातलेली सरोवरं. ऑल्डनला त्या चुकांचं फार प्रेम.

“खोटं बोलणाऱ्या माणसाला मी दारात उभं करत नाही,” त्याची बायको थेल्मा म्हणायची, “आणि तू खोटे नकाशे काच लावून भिंतीवर टांगतोस.”

“अगं, ते खोटं बोलत नाहीत. त्यांना माहीत नव्हतं.”

“आमच्या पाद्रीबाबांनाही माहीत नसतं. त्यांना नाही कुणी काच लावत.”

पूर्वेकडच्या भिंतीवर मात्र खोटं काही नव्हतं. अमेरिकन क्रांतीच्या थोडं आधी इंग्रजी आरमारानं आताच्या मेन राज्याचा किनारा मापला होता आणि त्याचे सागरी नकाशे छापून एक भलामोठा संग्रह केला होता. पुढं जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांनी त्याची पुस्तकं उसवली आणि एकेक ताव सुटा विकला. ऑल्डननं आपल्या किनाऱ्याचे ताव वर्षानुवर्षं एकेक करून जमवले होते. भिंतीवर ते उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत ओळीनं लावलेले होते. मध्ये एकच जागा मोकळी होती. नेमकी त्यांच्या गावाची, टॅरंट्स कोव्हची.

सप्टेंबरात हेस्टर लंटचा फोन आला. शेजारच्या गावात एका जुन्या गोठ्यात तिचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. ऑल्डन हातातला काटा ताटात टाकून उठला.

“दार लावून घ्या प्राउटी, ऊब बाहेर जाते,” हेस्टर म्हणाली. “आणि बसा आधी. उभ्यानं बघाल तर पडाल.”

तिनं टेबलावर ताव उलगडला. ऑल्डनला खरंच बसावं लागलं. खाडीचं तोंड, धक्क्याचा खडक, मागची टेकडी. समुद्राच्या कडेला हातानं दिलेला फिकट निळा रंग अजून ओला वाटावा इतका ताजा.

“कुठून आला?”

“आतल्या भागातले एक गृहस्थ आहेत. अख्खा संग्रह एका सकाळी माझ्या दारात आणून ठेवला. कॉफीसुद्धा घेतली नाही.”

“मरायला टेकलेत का?”

“छे हो, ठणठणीत आहेत. नेब्रास्काला निघालेत. म्हणे, समुद्रापासून जितकं लांब जाता येईल तितकं जायचंय.” हेस्टर हसली. “विक्षिप्तच माणूस. लख्ख ऊन पडलं होतं, आणि हे गाडीपासून माझ्या दारापर्यंत डोक्यावर छत्री धरून आले. मी विचारलं, ऊन लागतं का हो? तर म्हणाले, ऊन नाही लागत.”

ऑल्डनचं तिकडं लक्ष नव्हतं. तो कागद उजेडासमोर धरून त्यात उमटलेली कारखान्याची पाणखूण बघत होता. ती होती. कागद अस्सल होता.

२

ताव चौकटीत बसवून भिंतीवर लागला त्या दिवशी शनिवार होता. काकवी घालून मुरवलेल्या घेवड्याचा वास जिन्यावरून वर आला आणि त्याच्यामागून थेल्मा.

“आला का एकदाचा घरजावई? बघू दे.” ती चष्मा लावून पुढं वाकली. “आपलं घर कुठं?”

“तेव्हा घर कुठलं? पण जागा ही बघ. टेकडीच्या मध्यावर.”

“मग इथं नऊ का लिहिलंय?”

“कुठं?”

“इथं. आपल्या डोक्यावर.”

ऑल्डननं भिंग काढलं. सागरी नकाशात पाण्यावर बारीक आकडे असतात. त्या त्या ठिकाणी पाणी किती वाव खोल आहे ते सांगणारे. दोन्ही हात पसरले की होतं ते एक वाव. पुरुषभर उंची म्हणायला हरकत नाही. काही आकड्यांशेजारी एखादं अक्षरही असतं, खाली तळ कसला आहे ते कळावं म्हणून. वाळू, चिखल, शिंपले, खडक. जहाजाचा नांगर टाकायचा तर आधी तळ कळायला हवा; मऊ तळात तो रुततो, खडकावर धरत नाही.

खाडीत असे आकडे होतेच. पण ते काठाशी थांबले नव्हते. किनाऱ्याची रेघ जिथल्या तिथं होती, जमीन जमिनीसारखी कोरली होती, आणि तरी आकडे किनारा ओलांडून सरळ आत आले होते. आज जिथं चर्च आहे तिथं पंधरा. पोस्टाच्या जागी चौदा. टेकडीवर बारा, अकरा, दहा. प्राउटींच्या घराच्या जागी नऊ. पंधरापासून दहापर्यंत सगळ्या आकड्यांशेजारी तळाचं अक्षर होतं. नवाशेजारी नव्हतं. आणि नवाच्या पुढं काहीच नव्हतं.

“छापताना कागद सरकला असणार,” तो म्हणाला. “पाण्यावरचे आकडे जमिनीवर उमटले.”

“मग पाण्यावर कसे आहेत? तिथून जायला हवे होते ना?”

तो पुन्हा भिंगातून पाहू लागला. पण त्याला वाईट वाटलं म्हणाल तर तसं नाही. उलट मनातून तो हरखला. ताव दुर्मिळ तर होताच, त्यात असा चुकलेला छाप कुणाकडंच नसणार. दुधात साखर.

“थंडीत अडकून पडलेल्या एखाद्या खलाशानं थट्टा केली असेल,” तो म्हणाला.

“असेल,” थेल्मा म्हणाली. ती अजून बघत होती. “पण किती नेटकी केलीय रे. चल, घेवडा गार होतोय.”

३

थट्टा आहे हे एकदा सिद्ध करावं म्हणून त्यानं सरकारी मोजणीचा नवा नकाशा काढला. त्यात गावातल्या जागांची समुद्रसपाटीपासूनची उंची होती. चर्चची उंची आणि जुन्या तावातली चर्चवरची खोली त्यानं मिळवली. मग पोस्टाची. मग टेकडीवरच्या एकेका जागेची.

बेरीज सगळीकडं एकच आली.

त्यानं चष्मा पुसला, पुन्हा केली. तीच. मग खाडीतले आकडे ताडून पाहिले. तेही आजच्यापेक्षा जास्त होते, आणि सगळे सारखेच जास्त. माणसानं गंमत म्हणून आकडे टाकले तर ते वेडेवाकडे पडतात. हे आकडे म्हणजे एक सपाट पृष्ठभाग होता. चर्चच्या मनोऱ्यावरून, या घराच्या छपरावरून, वरच्या पाइनच्या शेंड्यांवरून गेलेला, कुठं उंच नाही, कुठं सखल नाही. कुणीतरी त्यावर तरंगत, वरून खाली मापलं होतं.

असं पाणी इथं कधी आलं नव्हतं. ऑल्डननं भूगर्भाची पुस्तकं चाळली. माणूस दोरी घेऊन मोजायला उभा असेल अशा काळात तर नाहीच नाही. मग त्यानं पुस्तक मिटलं आणि खोलीत बसून राहिला. घरात शांतता होती. नेहमीपेक्षा जास्त. घड्याळाची टिकटिक गोधडीखालून यावी तशी येत होती.

“तुझे कान दुखतात का रे?” रात्रीच्या जेवणाला थेल्मानं विचारलं. “मला दोन दिवस दडे बसल्यासारखं वाटतंय.”

त्यालाही वाटत होतं. त्यानं जुन्या दुकानातले थेंब काढून तिच्या कानात घातले. फरक पडला नाही.

“ग्लॅडिसचा फोन आला होता,” थेल्मा म्हणाली. ग्लॅडिस ही तिची बहीण, ओहायोत राहायची. “म्हणते थंडी पडायच्या आत या. खोली तयार आहे. आपण सप्टेंबरातच जाणार होतो, ऑल्डन.”

“जाऊ गं. एवढं हातातलं संपू दे.”

“तुझ्या हातातलं कधी संपलंय?”

दुसऱ्या दिवशी धुकं आलं. त्या किनाऱ्यावर धुक्याचं कुणाला कौतुक नाही, माणसं दिवे लावून कामं उरकतात. धुकं उठल्यावर लॉबस्टर पकडणारा व्हर्न हॅच पोस्टात तावातावानं बोलत होता. धक्क्यावर उभ्या केलेल्या त्याच्या ट्रकच्या टपावर खड्डा पडला होता.

“कुणा कार्ट्यानं दगड घातलाय ते कळू दे,” व्हर्न म्हणाला, “तंगडीच मोडतो त्याची.”

ऑल्डन सहज बघायला गेला. खड्डा गोल होता, कपाच्या बुडाएवढा. दगडाचा असा खड्डा पडत नाही. आणि खड्ड्याच्या तळाला काहीतरी पांढुरकं, ओशट लागलेलं होतं.

त्यानं बोट लावून हुंगलं. मेंढीची चरबी. मलमं घरी खलायचे त्या काळात तिच्यात त्याचे हात कोपरापर्यंत बरबटलेले असत. तो वास ओळखण्यात तो चुकला नसता.

पूर्वीचे खलाशी दोरीला शिशाचं वजन बांधून पाण्यात सोडत. वजनाच्या बुडाला खोलगट वाटी असे, तिच्यात चरबी भरत. तळाची वाळू किंवा चिखल तिला चिकटून वर येई. हेही ऑल्डनला माहीत होतं. कुठं वाचलं होतं ते मात्र त्याला आठवेना, आणि आठवून घ्यावंसंही वाटेना.

४

पुढच्या धुक्यात चर्चच्या छपरावरची एक दगडी पाटी फुटली. त्याच्या पुढच्या वेळी पोस्टाच्या पायरीवर गोल ओशट डाग सापडला. मग टेकडीच्या पायथ्याशी एका कोंबड्यांच्या खुराड्याचा पत्रा चेपला. लोक पोरांना शिव्या घालत होते. ऑल्डन वरच्या खोलीत बसून त्या जागांवर टाचण्या लावत होता. पट्टी ठेवायची गरजच नव्हती. खाडीच्या तोंडापासून निघालेली ती ओळ सरळ होती. सावकाश, चाचपत, धुक्यासाठी थांबत ती टेकडी चढत होती.

नऊपर्यंत.

तो स्वतःशी वाद घाली. माणूस उतारवयात एका खोलीत कोंडून बसला की त्याला सगळीकडं नक्षी दिसायला लागते. टाचण्या टोचणाराही तोच आणि ओळ बघणाराही तोच. चार खड्डे कुठंही पडले तरी कुठलीतरी ओळ होतेच. औषधं विकताना त्यानं असे शेकडो लोक पाहिले होते. प्रत्येक दुखण्यामागं एकच कारण शोधून काढणारे. त्यांना तो साखरेच्या गोळ्या द्यायचा.

मग एका दुपारी, बाहेर पांढरं मिट्ट झालेलं असताना, त्याच्या डोक्यावर छपरावर ठप्प असा आवाज झाला.

तो खुर्चीतच थिजला. आवाज मोठा नव्हता. जड वस्तू अलगद टेकवावी तसा. मग ती वस्तू कौलांवरून हातभर घासत गेली, थांबली, आणि उचलली गेली. नंतर काही नाही.

“खार असेल!” खालून थेल्मा ओरडली. “धुराड्यात जाळी बसव म्हणून कधीची सांगतेय!”

“हो!” तो ओरडला. “खारच!”

धुकं विरल्यावर तो शिडी लावून चढला. डाग होताच. चरबीनं डांबरी कौलावरची बारीक खडी उचलून नेली होती आणि खाली काळं, गुळगुळीत वर्तुळ उरलं होतं.

खाली थेल्मा शिडी धरून उभी होती. “काय आहे रे?”

तो सांगू शकला असता. तिला शिडीखाली उभी बघून त्याच्या ओठांवर आलंही होतं. पण सांगितलं असतं तर तिनं एकच म्हटलं असतं, चल ओहायोला. आणि ते बरोबरच होतं. पण त्याला जायचं नव्हतं. आयुष्यभर त्यानं मेलेल्या माणसांनी मापलेला किनारा काचेमागं ठेवून पाहिला होता. मापणारा हात कधी पाहिला नव्हता.

“काही नाही,” तो म्हणाला. “खारीची घाण.”

५

ऑक्टोबरच्या शेवटी एक सकाळ स्वच्छ उगवली. थेल्मानं चादरी धुऊन अंगणातल्या दोरीवर टाकल्या. हिम पडून कोबी जायच्या आत काढून घ्यावेत म्हणून ती जेवणाआधी वाफ्यात उतरली. ऑल्डन वरच्या खिडकीत बसला होता. खाडीकडून धुकं आलं ते नेहमीसारखं पसरत आलं नाही. ते खाली बसलं.

क्षणात बंदर गेलं, चर्च गेलं. कुंपण गेलं. अंगण तेवढं खिडकीखाली उरलं, आणि त्यात थेल्माचा निळा रुमाल बांधलेला माथा.

धुक्यातून एक दोरी खाली येत होती.

ती हलत नव्हती, झोके घेत नव्हती. सरळ, ओळंब्यात, हातभर हातभर उतरत होती. ओली होती. मध्ये मध्ये तिला मापाच्या खुणेसाठी चामड्याच्या पट्ट्या आणि रंग उडालेल्या चिंध्या बांधलेल्या होत्या, आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. टोकाला मुसळाच्या तोंडाएवढं काळपट वजन होतं. वर ती कुठून येते ते दिसत नव्हतं. खिडकीच्या चौकटीपर्यंत दोरी होती, त्याच्या वर धुकं.

ऑल्डन हाक मारू शकला असता. खिडकी उघडीच होती. पण त्याच्या नजरेला त्या चिंध्यांवरच्या गाठी दिसत होत्या, हातानं मारलेल्या, कुणाच्यातरी बोटांनी घट्ट ओढलेल्या. तो त्या गाठी बघत राहिला. किती वेळ, ते त्याला पुढं कधीच ठरवता आलं नाही.

वजन थेल्माच्या माथ्यावर टेकलं. वडीलधाऱ्यानं आशीर्वादाला हात ठेवावा इतकं हलकेच. तिनं पाखरू उडवावं तसा हात झटकला. वजन जरासं दाबलं गेलं, आणि दोरी भरभर वर गेली.

मग खूप वरून, धुक्याच्या पलीकडून, एक माणूस ओरडला. लांब सूर लावून, जसं रोज ओरडायची सवय असलेलं माणूस ओरडतं तसं.

“आठ वा...व! तळ मऊ!”

नऊ नाही. आठ. एक वाव कमी. ऑल्डनला ते वजाबाकीसारखं कळलं, आणि मग त्याचे पाय हलले.

तो खाली धावला तेव्हा थेल्मा स्वयंपाकघरात शिरत होती. एका हातात कोबी, दुसऱ्या हातानं रुमाल सोडत.

“बघ रे काय पडलं माझ्या डोक्यावर! कसली ही चरबी? समुद्रपक्षी काय काय खातात कोण जाणे.” रुमालावर गोल डाग होता. रुमालाखाली तिच्या माथ्यावरही तेवढीच गोल जागा दाबली जाऊन लाल झाली होती. “तुला काय झालं? असा पांढरा का पडलास?”

“थेल्मा, आपण ओहायोला जाऊ.”

“अं?”

“आत्ता. आत्ताच्या आत्ता. काही घेऊ नकोस. गाडी काढतो मी.”

तिनं कोबी टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडं नीट पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला असं बोलताना ऐकलं नव्हतं. तिनं थट्टा केली नाही, कारण विचारलं नाही.

“माझा कोट तरी घेऊ देशील?” ती हळूच म्हणाली.

“घे. पण बाहेर जाऊ नकोस. मी आलोच.”

आणि तो वर गेला. गाडी काढायला नाही, वर. तेवढा एक ताव न्यायचा, बाकी सगळं राहू दे, असं त्याला वाटलं. तो चौकट भिंतीवरून उतरवत होता, मागचे खिळे नखांनी उपसत होता, तेव्हा खाली स्वयंपाकघराचं दार वाजलं. थेल्माचा आवाज आला, दडे बसलेल्या कानात लांबून आल्यासारखा.

“चादरी तेवढ्या काढते रे! ओल्या कशा टाकून जायच्या?”

“थेल्मा, नको!”

खोलीतला उजेड कमी झाला. ढग आल्यासारखा नव्हे. खिडकीबाहेरच्या पांढऱ्यात, वरच्या बाजूला, एक लांबट आकार हळूहळू सरकत आला आणि घरावर थांबला. मग जाड दोर लाकडावरून सुटत जावा तशी घरघर सुरू झाली, वाढत वाढत गेली, आणि अंगणात काहीतरी इतक्या जोरानं आदळलं की कपाटातली ताटं खाली आली आणि ऑल्डनच्या हातातली काच तडकली.

तो जिन्यावरून पडत, उठत अंगणात पोचला. धुक्यात समोरचा हात दिसत नव्हता. वरून मोठाले थेंब पडत होते. ओठांवर आले ते खारट लागले.

“थेल्मा!”

पायाखाली जमीन नव्हती. तो गुडघ्यापर्यंत ओल्या मातीत रुतला.

६

शेरीफ आला, किनारा रक्षकांची बोट आली, गावातली माणसं दोर घेऊन समुद्राकडच्या कड्यांवरून खाली उतरली. काही सापडलं नाही. धुक्यात वाट चुकून कड्यावरून पडली, असं शेवटी ठरलं. व्हर्न हॅच आठवडाभर रोज बोट घेऊन शोधत राहिला, आणि आला की टोपी हातात घेऊन दारात नुसता उभा राही.

अंगणातल्या चराचं मात्र कुणालाच काही सांगता येईना. कोबीच्या वाफ्यापासून तो सुरू झाला होता. नांगरानं तास धरावा तसा सरळ, पण कुठल्याही नांगराला जमणार नाही इतका खोल. चादरींची दोरी आणि तिचा खांब मुळासकट घेऊन तो मेपलच्या झाडापर्यंत गेला होता, आणि तिथं संपला होता. पलीकडं गवताचं पातंही मोडलेलं नव्हतं. शेवटच्या टोकाला माती वरच्या दिशेनं शिंपडलेली होती. मेपलच्या उंच फांदीवर ओल्या मातीचा लपका होता. शेरीफनं तो पाहिला, चराकडं पाहिलं, पुन्हा वर पाहिलं, आणि वहीत काही न लिहिता वही खिशात ठेवली.

“मिस्टर प्राउटी,” तो म्हणाला, “इथं एकटे राहू नका. कुणी नातेवाईक आहेत का?”

“ओहायोत आहेत,” ऑल्डन म्हणाला.

ग्लॅडिस येऊन गेली. तिनं बहिणीचे कपडे बांधले, खूप रडली, आणि त्याला बरोबर चल म्हणाली. तो गेला नाही. वरच्या खोलीला त्यानं कुलूप घातलं. तो ताव त्यानं चुलीत घातला होता. तो इतर कागदांसारखाच जळला, त्याला वेगळा धूर नव्हता की वेगळा वास नव्हता.

मग तो धुक्याची वाट बघायला लागला.

धुकं आलं की तो अंगणात जाई आणि टोपी काढून चराच्या कडेला उभा राही. शेजारीपाजारी बघत आणि पडदे ओढून घेत. नोव्हेंबर सरत आला, थंडीनं त्याचे कान काळेनिळे पडले, पण टोपी त्यानं घातली नाही. आपल्याला काय हवंय हे त्याला स्पष्ट होतं. तिला वर नेलं असेल तर ती वर होती. त्यांनी एकदा या जागी नांगर टाकला होता. पुन्हा टाकतील. टाकताना आधी तळ चाचपतील.

एके सकाळी कानांत दडे बसले. आवाज दूर गेले. धुकं पसरलं नाही, खाली बसलं.

ऑल्डन हलला नाही. त्यानं वरही पाहिलं नाही. थोड्या वेळानं त्याच्या मानेवर एक खारट थेंब पडला, मग दुसरा. आणि मग माथ्यावर ते टेकलं. गार, जड, ओशट. त्याला वाटलं होतं तेवढं वाईट नव्हतं. त्याचे डोळे मिटले. वजन जरासं दाबलं गेलं, सरकलं, पुन्हा दाबलं गेलं. कुणीतरी वर दोरी बोटांत धरून विचार करत होतं.

“आठ वा...व!”

तोच आवाज. 

“तळ खडक!”

वजन उचललं गेलं. त्यानं डोळे उघडले तेव्हा दोरी तोंडासमोरून वर चालली होती. त्यानं दोन्ही हातांनी ती पकडली. ती ओली, काथ्यासारखी खरखरीत, खरीखुरी दोरी होती, आणि वरचा ओढणारा त्याच्यापेक्षा कितीतरी ताकदवान होता. चामड्याची पट्टी, चिंधी, पुन्हा चामड्याची पट्टी त्याच्या मुठीतून तळहात सोलत निघून गेली. तो टाचा उंचावून उभा राहिला. शेवटी त्या वजनाच्या कडेला त्याची बोटं घासली आणि निसटली.

“थेल्मा!” तो वर ओरडला. “थेल्मा, त्यांना सांग! मी आहे म्हणून सांग त्यांना!”

वर हालचाल झाली. लाकूड करकरलं. माणसं आपापसात काहीतरी बोलली, हळू आवाजात, कामात असलेली माणसं बोलतात तशी. त्यांच्यात एक बाईचा आवाज होता. शब्द कळले नाहीत. तो ओळखीचा होता की नव्हता, हे ठरवायला त्यानं श्वाससुद्धा रोखून धरला, पण तेवढ्यात वल्ही पाण्यात पडली.

मग एका लयीत, घाई न करता, वल्ह्यांचा आवाज चर्चच्या मनोऱ्यावरून, पोस्टावरून, धक्क्यावरून लांब खाडीबाहेर जात राहिला. ऑल्डन रक्ताळलेले हात वर धरून त्याच्यामागून टेकडी उतरत धावत होता, आणि त्याच्या डोक्यावर, हळूहळू, अगदी निळंभोर, कोरडं आकाश उघडत होतं.